डावीकडचं पान

कानात यंत्र अडकवून आजी होता येत नाही, हे कुमुदताई कदमांना नातीच्या पहिल्याच भेटीत कळून चुकलं.

त्यांची लेक केतकी नोकरीसाठी कोरियातल्या चांगवॉनला गेली आणि तिथल्याच जुनहोशी लग्न करून तिथलीच झाली. त्यांची मुलगी यूना दिवसभर पाळणाघरात असायची, आईबाप संध्याकाळी दमून यायचे, आणि केतकीचं मराठी आईला फोन करण्यापुरतं उरलं होतं. तोवर भाषांतराची कानातली यंत्रं मिक्सरइतकी घरोघरी झाली होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण तीन वर्षांची यूना पहिल्यांदा कराडच्या घरात आली, कुमुदताईंनी हात पसरून "ये गं माझी बाय" म्हटलं, आणि यंत्रातून एक घोगरा पुरुष बातम्या वाचल्यासारखा काहीतरी बोलला. पोर आधी हसली, मग घाबरली आणि आईच्या ओढणीत शिरली. कुमुदताईंचा सगळा जन्म एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेलेला. कोल्हापूर विनाथांबा कुठे लागते हेसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची त्यांची रीत. आपल्याच नातीशी बोलायला मध्ये तिऱ्हाईत लागावा, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं त्या भोसलेवहिनींना म्हणाल्या.

भोसलेवहिनींची सून कोरियन, आणि फरीदाभाभी मुजावरांचा मुलगा बुसानच्या गोदीत, बायकापोरं तिथलीच. तिघींचं दुखणं एकच. महिला मंडळाच्या हॉलमध्ये कोरियनचा वर्ग निघाला तेव्हा या तिघी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. पण साठी उलटलेली डोकी! चमचा म्हणजे सुत्कारक, दार म्हणजे मुन, मोजे म्हणजे यांगमाल. सकाळी घोकलेला शब्द दुपारच्या चहापर्यंत टिकेल तर शपथ. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. बाप म्हणजे भात, हा एवढा एकच शब्द सगळ्यांच्या लक्षात राहिला, तोही हसू आलं म्हणून.

मग पुण्याहून मैथिली आली आणि तिच्याबरोबर टोप्या आल्या. टोपी म्हणजे हेल्मेटच्या आतलं अस्तर तेवढं काढून घ्यावं तशी, मऊ आणि काळी. मैथिली इंजिनियर होती, पण बोलणं साधं, घरगुती. तिने कुमुदताईंना विचारलं, विळी म्हटलं की तुम्हाला काय होतं? कुमुदताई म्हणाल्या, गुडघा वर येतो. मैथिली म्हणाली, हेच.

आईच्या भाषेतला शब्द मेंदूच्या एका कप्प्यात ठेवलेला नसतो, असं तिने समजावून सांगितलं. तो ऐकताक्षणी हात सांभाळणारा भाग चाळवतो, डोळ्यांचा चाळवतो, वासाचा, जिभेचा, सगळे एकामागोमाग एक. इतक्या धाग्यांनी बांधलेला शब्द म्हातारपणीही सुटत नाही. मोठेपणी शिकलेल्या परक्या शब्दाला मात्र एकच धागा असतो, भाषांतराचा. तो तुटला की शब्द गेला. मैथिलीच्या कंपनीने एका कोरियन बाईला अशीच टोपी घातली, तिच्या हातात घरातली एकेक वस्तू दिली, शब्द पुन्हा पुन्हा ऐकवला, आणि तिच्या मेंदूचे कोणकोणते भाग कोणत्या क्रमाने चाळवतात ते टिपून घेतलं. याला मैथिली ठसा म्हणायची. आता शिकणाऱ्याने तीच वस्तू हातात धरायची, तोच शब्द ऐकायचा, आणि टोपीतल्या सौम्य चुंबकाने त्याच्या मेंदूतले तेच भाग त्याच क्रमाने हलके जागे करायचे. शब्द पाठ करायचा नाही, मुरू द्यायचा.

आधी त्यांनी शंभर माणसांचे ठसे घेऊन सरासरी काढली होती. तो प्रयोग फसला. शंभर चेहरे एकावर एक छापले तर ओळखीचा एकही दिसत नाही, तसं झालं. म्हणून मग एकच माणूस निवडलं. बोक्सुन नावाची म्हातारी, समुद्रकाठच्या गावातली, जिने सगळं आयुष्य एकाच स्वयंपाकघरात काढलं होतं. ठसे देऊन झाले आणि त्याच हिवाळ्यात ती वारली. जगात हजारो लोक आता तिच्या शब्दांनी कोरियन शिकत होते.

आणि शब्द खरंच मुरले. एके सकाळी दूध उतू जाताना कुमुदताई ओरडल्या ते कोरियनमध्ये. तुगवॉ, म्हणजे गरम आहे. त्या दिवशी त्यांनी चांगवॉनला फोन लावला आणि यूनाला तिच्या भाषेत विचारलं, जेवलीस का, मोजे घातलेस का, थंडी आहे का. पलीकडे पोर धबधब्यासारखी बोलत सुटली. कुमुदताईंना अर्धंच कळलं, पण फोन ठेवल्यावर त्या पदर तोंडाला लावून रडल्या. सगळ्या गल्लीला पेढे वाटले. फोनवर कोण कुणाच्या डोळ्यांत बघतं, त्यामुळे काही खटकलं नाही.

खटकलं ते मैथिलीने काढलेल्या चित्रफितीत. बायकांना हुरूप यावा म्हणून तिने वर्गातलं त्यांचं बोलणं टिपलं होतं. सगळ्या ओळीने खुर्च्यांवर बसलेल्या, पाळीपाळीने म्हणताहेत, चल जेवूया. बाप मॉक्चा. पडद्यावर आधी भोसलेवहिनी दिसल्या. त्या शब्द म्हणाल्या आणि त्यांची नजर डावीकडे खाली गेली, खुर्चीच्या पायाशी कुणी बसलं असावं तशी. मग फरीदाभाभी. तीच नजर. मग कुमुदताई, मग मागच्या रांगेतल्या सगळ्या. प्रत्येकीने डाव्या गुडघ्यापाशी, त्याच उंचीवर, त्याच मायेने बघितलं. तिथे हॉलची फरशी सोडून काही नव्हतं. मैथिलीने चित्रफीत थांबवली. 

मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. भोसलेवहिनी म्हणाल्या, हल्ली माझा पाण्याचा पेला डावीकडे ठेवायला हात धजत नाही, कुणी ओढून अंगावर सांडेल असं वाटतं.  फरीदाभाभी म्हणाल्या, काल जेवताना मी एक घास उचलला, त्याच्यावर फुंकर मारली आणि बाजूला धरला. नवरा म्हणाला, कुणाला भरवतेस? कुमुदताईंनी स्वतः त्याच सकाळी तेच केलं होतं.

मैथिलीने पुण्याला विचारलं, पुण्याने कोरियाला. उत्तर आलं ते बोक्सुन आजीच्या पुतणीकडून. आजीला एक मुलगा होता. बैठ्या चौरंगाशी तिच्या डाव्या हाताला बसायचा. तापाने गेला, तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. ही गोष्ट तिने पुढे कधी तोंडातून काढली नाही. पण तिचा भात, तिचं पाणी, तिचा चमचा, तिचं ये आणि बस आणि खा, सगळे शब्द त्या पोराला वळसा घालून आले होते, आणि टोपीने ते जसेच्या तसे उचलले होते. कंपनीने कळवलं की काळजीचं कारण नाही. तिकडे लक्ष देऊ नका, दोन-तीन महिन्यांत हा भाग आपोआप पुसट होतो आणि शब्द तेवढे राहतात.

लक्ष देऊ नका! म्हणे लक्ष देऊ नका. लेकरू जेवणाच्या वेळी शेजारी येऊन बसतं आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवून जेवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं भोसलेवहिनींनी विचारलं. दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा आपण तुकडा टाकतो. गाईला, कावळ्याला घास काढतो. त्यात कुमुदताईंचा पुढाकार मोठा. त्यांनीच सुचवलं की रोज जेवायला बसताना डावीकडे छोटी वाटी मांडायची, त्यात घासभर भात वाढायचा, त्याच्या भाषेत त्याला जेव म्हणायचं, आणि मग आपण घास उचलायचा. फरीदाभाभींनीही मांडली. बच्चा तो बच्चा, त्या म्हणाल्या. वाटीतला भात नंतर कावळ्याला जायचा. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना बरं वाटायला लागलं. डावीकडे बघून होणारी घालमेल थांबली. पोर जेवलं असं वाटायचं आणि भात गोड लागायचा.

यूना पुन्हा आली तेव्हा साडेचार वर्षांची होती. स्टेशनवर ती कुमुदताईंच्या गळ्यातच पडली. घरी आल्यावर तोंडाची टकळी सुरू झाली ती थांबेना. विमानात ढग कसे होते, पाळणाघरात कोण कुणाला चावलं. कुमुदताई उत्तरं देत होत्या, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत नाचत होत्या. ज्यासाठी एवढा अट्टाहास केला तो दिवस उगवला होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना यूना हळूहळू गप्प झाली. टेबलाच्या समोरच्या बाजूला बसली होती ती. तिने आईच्या कानात काहीतरी विचारलं, आणि केतकीने आईकडे नीट बघायला सुरुवात केली. मग तिने हातातला घास ताटात ठेवला.

"आई, ती विचारतेय, आजी माझ्याशी बोलते तेव्हा माझ्याकडे का बघत नाही?"

कुमुदताई हसल्या. काहीतरीच काय, म्हणाल्या. त्यांनी यूनाकडे डोळे रोखले आणि कोरियनमध्ये म्हणायला घेतलं, माझं सोनं ते. पहिला शब्द ओठांवर येईपर्यंत नजर यूनावर होती. शब्द बाहेर पडला आणि नजर घसरली, डावीकडे, खाली, वाटीपाशी. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मराठीत बोलल्या तर डोळे यूनावर राहायचे, पण मराठी तिला कळत नव्हतं. जी भाषा तिला कळत होती तिच्यातली सगळी माया दुसऱ्याच कुणाच्या पदरात पडत होती.

केतकीने मैथिलीला फोन लावला. मैथिलीने सगळं ऐकून घेतलं, वाटीचं ऐकल्यावर मात्र तिचा आवाज उतरला. जगभर तो भाग पुसट झाला होता, कारण लोकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मेंदूतला धागा वापरला नाही तर झिजतो, आणि वापरला तर जाड होतो. या बायकांनी रोज, न चुकता, भुकेच्या वेळी, हाताने वाढून, मायेने बोलून तो वापरला होता. कराडात तो आता पक्का झाला होता. आता एकट्या मुलाला बाजूला काढता येणार नव्हतं, सगळे शब्द त्याच खुंटीला टांगलेले. पुसायचे तर सगळेच पुसावे लागतील, आणि मग पुन्हा टोपीने शिकवता येणार नाहीत.

केतकी म्हणाली, पुसून टाक. कुमुदताई म्हणाल्या, आणि मग काय, पुन्हा तो घोगरा बाप्या? दोघींची चांगलीच जुंपली. केतकी रडली. माझ्या मुलीला वाटतंय आजीला ती आवडत नाही, असं म्हणाली. 

त्यावर उपाय कुमुदताईंना सुचला तो संध्याकाळी. त्यांनी टेबल सोडलं, जमिनीवर ताटं मांडली, डावीकडची वाटी उचलून आत ठेवली आणि तिथे पाट टाकला. यूनाला हाताला धरून त्या पाटावर बसवलं. इरी वा, म्हणाल्या. इकडे ये.

नजर घसरली आणि नेमकी यूनाच्या डोळ्यांत जाऊन थांबली. पोरीचा चेहरा असा काही उजळला की केतकीसुद्धा डोळे पुसत हसली. पण कुमुदताईंच्या आत काय झालं ते तिला दिसलं नाही. जन्मात कधी आलं नव्हतं असं भरून आलं त्यांना. हे आजीचं भरून येणं नव्हतं. पन्नास-साठ वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेवर कुणी येऊन बसल्याचं होतं ते. त्यांनी यूनाला कवेत घेतलं आणि हुंदके देत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कोरियनमध्ये आलास आणि आलीस यांना शब्द एकच, म्हणून केतकीला काही खटकलं नाही. आपण आलास म्हणालो, हे कुमुदताईंना ठाऊक होतं. त्यांना भीती वाटली, आणि सुखही झालं, आणि त्यांनी भीती गिळून टाकली.

त्यानंतरची दोन वर्षं फार गोडीत गेली. तिकडे यूनाची रात्रीची जेवणं आणि इकडे कुमुदताईंचा दुपारचा चहा-पोह्यांचा वेळ जुळायचा. फोन त्या डावीकडे पाटावर उभा करून ठेवायच्या आणि दोघी रोज एकत्र खायच्या. यूना आजीच्या लकबी उचलायची, घासावर फुंकर मारायची आणि खिदळायची. केतकी म्हणायची, आमच्यापेक्षा तुझंच जास्त ऐकते ती.

पुढच्या सुट्टीत यूना आली ती साडेसहा वर्षांची, हातापायांनी लांबसडक. दारातच आजीने तिला हाक मारली आणि नजर तिच्या पोटावर जाऊन अडली. पाटावर बसवलं तरी गळ्याच्या वर जाईना. तिथे नजर होती, माया होती, पण चेहरा नव्हता. कुमुदताई मान उचलून बघायच्या, शब्द तुटायचा. यूनाच्या ते लक्षात आलं. ती शहाणी मुलगी होती.

तिसऱ्या दिवशी कुमुदताई ओट्याशी भाकरी थापत होत्या. यूना डावीकडे उभी राहून काहीतरी सांगत होती आणि आज किती छान दिसतेय हिचं तोंड, असं कुमुदताईंना वाटलं. हसरं, गालावर पीठ लागलेलं. त्या बोलत राहिल्या, बघत राहिल्या. दोन भाकऱ्या झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पोरीचे पाय थरथरताहेत. ती गुडघे वाकवून उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

असं का उभी राहिलीस, त्यांनी तिच्या भाषेत विचारलं.

"खाली असले की तू मला बघतेस," यूना म्हणाली.

कुमुदताईंनी तिला जवळ ओढायला हात पुढे केला. हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. आणि मग त्यांना कळलं की आपण तिला कुरवाळत नाही आहोत. आपला तळवा तिला खाली दाबतोय. पोर उंच झाली याचा त्यांना राग आला होता, खरा, आतून आलेला राग, की हिने वाढायचं काय कारण होतं. चटका बसल्यासारखा त्यांनी हात काढून घेतला. तवा तसाच सोडून त्या बाहेर गेल्या आणि स्वतः मैथिलीला फोन केला.

मैथिली दुसऱ्याच दिवशी टोपी घेऊन आली. पुसायची रीतही शिकण्यासारखीच होती, फक्त क्रम उलटा. चमचा हातात धरला, सुत्कारक ऐकलं, आणि थोड्या वेळाने ऐकू येत होता तो नुसता आवाज. मोजे गेले. दार गेलं. हातात छत्री होती आणि तिला त्या भाषेत काय म्हणतात हे एका क्षणापूर्वी ठाऊक होतं एवढंच कुमुदताईंना आठवत होतं. शेवटी भात राहिला तेव्हा त्यांनी मैथिलीला थांबायला सांगितलं. आतून वाटी आणली, डावीकडे मांडली, भात वाढला. जेव, म्हणाल्या. पोटभर जेव. परक्या पोराला घराबाहेर काढून कडी लावावी तसं त्यांना झालं आणि त्या ते मोठ्याने म्हणाल्याही. मैथिली खाली बघत राहिली. मग कुमुदताईंनी टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. थोड्या वेळाने डावीकडे एक वाटी होती आणि फरशी होती.

दुपारी केतकी गावात गेली होती. कुमुदताईंनी टेबलावर दोन ताटं घेतली आणि यूनाला हाक मारली. पोर सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला येऊन गुडघे वाकवायला लागली, तेव्हा त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून सरळ उभं केलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. मग तिच्याकडे मन भरून बघितलं. भुवया केतकीच्या होत्या. हनुवटीवर एक बारीक तीळ होता, तो त्यांनी आजवर बघितलाच नव्हता.

"जेव गं बाय," त्या म्हणाल्या.

शब्द कळले नाहीत तरी यूनाला अर्थ कळला. ती हसली आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. कुमुदताईंना त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं, पण बघायला कुणाची आडकाठी नव्हती. आता हिच्या डोळ्यांत हवा तेवढा वेळ बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण यूनाचे डोळे तिथे नव्हते. बोलता बोलता तिची नजर घसरली होती, डावीकडे, खुर्चीच्या पायापाशी, खाली. तिने आमटीची गरम वाटी डावीकडून उचलून उजवीकडे सरकवली. चमचाभर भात घेतला, त्याच्यावर हलकी फुंकर मारली आणि बाजूला खाली धरला.

कुणाशी बोलतेस गं, कुमुदताईंनी विचारलं. पोरीला मराठी येत नव्हतं. कुमुदताई उठून तिच्यापाशी गेल्या, तिचा चेहरा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि वर वळवला. यूनाने तो हळूच सोडवून घेतला, आणि खालच्या त्या कुणाला तरी, मोठ्या मायेने, पुन्हा काहीतरी म्हणाली.